पर्यावरण अभ्यास: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं पर्यावरण अभ्यास शिकवतो. पहिल्या वर्षाची मुलं, त्यांचे शेती करणारे आईवडील आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे प्रश्न पाठवत राहतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते त्यांच्याच शब्दांत इथं ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. पर्यावरण अभ्यास म्हणजे विज्ञान की समाजशास्त्र? आणि कॉमर्सवाल्यांना तो कशाला?

निसर्ग कसा चालतो आणि त्यात माणसाची उठाठेव काय, हे एकत्र पाहणं म्हणजे पर्यावरण अभ्यास. लातूरच्या पाण्याचं घ्या. खडकात पाणी किती मुरतं हे भूगर्भशास्त्र सांगतं. ऊस का लावला जातो हे अर्थकारण झालं. टँकर आधी कुठल्या गल्लीत थांबतो आणि घागर कुणाच्या डोक्यावर असते, हे समाजकारण. यातलं एक जरी सोडलं तरी उत्तर चुकतं. म्हणून हा विषय सगळ्या शाखांना आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले, त्यातून पुढं तो पदवीला सक्तीचा झाला.

2. परिसंस्था म्हणजे काय? जंगल आणि तळं सोडून आमच्याकडचं उदाहरण द्या.

सजीव, त्यांच्याभोवतीचं निर्जीव जग आणि या दोघांतली देवघेव मिळून परिसंस्था होते. हा शब्द टान्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1935 मध्ये वापरात आणला.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे माळ. पाऊस पडून आठवडा झाला की सकाळी सातला माळावर जा आणि शेणाच्या एका पोजवळ उकिडवे बसा. दहा मिनिटांत शेणकिडा दिसेल. तो डोकं खाली घालून मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत नेतो आणि भुसभुशीत जागा पाहून पुरतो. गवताला खत मिळतं ते असं. गवतावर नाकतोडे जगतात, नाकतोड्यांवर चंडोल आणि टिटव्या. गवतावर ससे आणि काळवीटही आहेत आणि त्यांच्यावर लांडगा. धनगराची मेंढरं याच माळावर चरतात, म्हणजे माणूसही याच साखळीत आहे.

ऊर्जा एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना ढोबळमानानं दहावा भागच पोचतो. गवतात हजार भाग असतील तर हरणात शंभर आणि लांडग्यात दहा. म्हणून लांडगे मुळातच थोडे असतात आणि माळ तुकड्यातुकड्यांनी गेला की सगळ्यात आधी तेच जातात.

3. पण माळ म्हणजे पडीकच ना? झाडं लावायला तीच जागा बरी.

हा गैरसमज फार नुकसान करतो. ‘पडीक’ हा महसुलाच्या दप्तरातला शब्द आहे. नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून पडीक. निसर्गाच्या हिशेबात ती हजारो वर्षांची कसदार परिसंस्था आहे. वीतभर मातीखाली मुरूम असतो. तिथं गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि कार्बनही जमिनीतच साठवतात. त्यात जेसीबीनं खड्डे काढले की ती मातीच विस्कटते. लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात आणि गवत गेलेलं असतं ते वेगळंच. माळढोक आणि तणमोर या पक्ष्यांना तर उंच झाडं नकोच असतात, त्यांना लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते.

लोक 33 टक्क्यांचा दाखला देतात. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणातलं ते उद्दिष्ट सबंध देशाचं आहे, प्रत्येक तालुक्याचं नाही. लातूर जिल्ह्यात वन 1 टक्क्याहूनही कमी आहे, आणि त्याची भरपाई माळ खणून होणार नाही.

अपवाद आहेत. बालाघाटाच्या उतारांवर पूर्वी झाडी होती आणि ती तोडली गेली, तिथं जरूर लावावीत. ओढ्याचा काठ, रस्त्याची कड, गावठाण, शेताचे बांध इथंही जागा भरपूर आहे. कुठली झाडं, ते प्रश्न 9 मध्ये.

4. पाऊस कमी पडतो म्हणून दुष्काळ पडतो. एवढं साधं नाही का?

नाही. दुष्काळ तीन प्रकारचे असतात. पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी झाला तर तो हवामानाचा दुष्काळ. पिकाला ऐन वेळी ओल मिळाली नाही तर शेतीचा, मग वर्षाची बेरीज पुरी भरलेली का असेना. विहिरी, तलाव, धरणं आटली तर पाण्याचा. तिन्ही एकाच वर्षी येतील असं नाही.

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बीड-धाराशिवच्या पश्चिम पट्ट्यात वर्षाला 600 ते 700 मिमी पाऊस, तर किनवट-माहूरकडे हजाराच्या आसपास. आणि खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून तो झाला. या बेसॉल्टमध्ये पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत राहतं. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मैदानात पाणी खोलवर साठतं, तसं इथं होत नाही.

1972 आणि 2016 शेजारी ठेवून बघा. 72 चा दुष्काळ धान्याचा आणि कामाचा होता. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली आणि त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. पण विहिरीच्या तळाला पाणी होतं, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. 2016 मध्ये दुकानात धान्य होतं, पण नळाला पाणी नव्हतं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मधल्या 44 वर्षांत पावसापेक्षा पाण्याचा वापर जास्त बदलला.

5. म्हणजे सगळा दोष उसाचा? आणि शेतकऱ्यानं मग लावायचं काय?

आधी हिशेब करू. उसाला पूर्ण काळात साधारण 2000 मिमी पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी 2 कोटी लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी दिवसाला 55 लिटरच्या निकषानं एका माणसाला वर्षाला सुमारे 20 हजार लिटर लागतात. म्हणजे एका हेक्टराचं पाणी हजार माणसांच्या वर्षाच्या पाण्याएवढं झालं. उसाचं काही पाणी पाऊस देतो, काही झिरपून परत जमिनीत जातं. अर्धं वजा केलं तरी पाचशे माणसं राहतात. रब्बी ज्वारी मात्र जमिनीतल्या ओलीवर नि एखाद-दुसऱ्या पाळीवर निघते आणि वर कडबाही देते. पिकात असं दडलेलं पाणी साखरेच्या पोत्यातून जिल्ह्याबाहेर जातं, त्याला ‘आभासी पाणी’ म्हणतात.

पण ऊस लावणाऱ्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या बाजूनं बघा. ऊस हे दर कायद्यानं ठरलेलं आणि घेणारा ठरलेला असं पीक आहे. बिल उशिरा का होईना, येतं. गारपिटीत तो सोयाबीनसारखा आडवा होत नाही. तुरीचा आणि सोयाबीनचा भाव काढणीच्या तोंडावर कोसळतो, हे प्रत्येकानं भोगलंय. माझे सख्खे चुलते दोन एकर ऊस करतात. त्यांना मी ‘ऊस सोडा’ म्हणू शकत नाही, कारण पुढच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नसतं. ज्वारी, हरभरा, करडई यांची हमीभावानं खात्रीची खरेदी होईल तेव्हा ऊस आपोआप कमी होईल. तोवर असलेल्या उसाला ठिबक आणि पाचट न जाळता सरीत आच्छादन, एवढं तरी सगळ्यांना करता येतं.

6. बोअर माझ्या रानात, वीजबिल माझं, मग पाणी माझं नाही का?

कायद्यात जुनी समजूत तशीच होती, पाणी जमिनीच्या मालकामागं जायचं. पण भेगेतल्या पाण्याला सातबारा कळत नाही. तुमच्या बोअरनं खेचलेलं पाणी शेजारच्या आडातून आलेलं असतं.

आमच्या विहिरीचं सांगतो. पस्तीस फुटांची, दगडी बांधणीची, उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी. एका मे महिन्यात वरच्या रानात रात्रभर मशीन चालली. पाणाड्यानं नारळ हातावर उभा धरून जागा दाखवली होती. पहाटेपर्यंत पांढरी भुकटी आमच्या कडब्याच्या गंजीवर येऊन बसली. साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं, गावानं पेढे खाल्ले. दुसऱ्या उन्हाळ्यात आमची विहीर तळाला गेली. मग आम्हीही बोअर घेतलं, चारशे फूट. त्या शेजाऱ्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता, आम्हीही तेच केलं.

अशा सामायिक साठ्याला ‘सामाईक संसाधन’ म्हणतात. प्रत्येकजण आपल्यापुरतं शहाणपणानं वागतो आणि सगळे मिळून बुडतात, असं एक मत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या गावांचा अभ्यास करून दाखवलं की लोकांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण केली आणि मोडणाऱ्याला बेताचा दंड ठेवला तर असे साठे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानंही 60 मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आणले. कागदावरचा नियम गावानं आपला मानल्याशिवाय मशीन थांबत नाही, हे मात्र खरं.

7. शेततळं चांगलं की वाईट? एक सर चांगलं म्हणतात, दुसरे वाईट.

तळं कशानं भरलंय, यावर ते ठरतं. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून भरलं असेल तर उत्तम, त्यातून खरिपाला संरक्षित पाणी मिळतं. पण प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्यानं भरलेलं तळं म्हणजे भूगर्भातलं सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. शिवाय सगळ्यांचा साठा एकाच्या कुंपणात येतो (प्रश्न 6).

जालना जिल्ह्यातलं कडवंची शेततळ्यांसाठी नावाजलेलं आहे. तिथं आधी पाणलोटाचं काम झालं, बांधबंदिस्ती झाली, मग तळी आली. लोक फोटोतली तळी बघतात आणि त्याआधीचं काम विसरतात.

8. गायरान कुणाचं? त्यावर भूमिहीन कुटुंबं पिकं घेतात ते अतिक्रमणच ना?

सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

गायरान ही सरकारी मालकीची, गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन. ज्याच्याकडे रान नाही त्याची शेळी, सरपण आणि तरवडाची फुलं तिथूनच येतात. पर्यावरणाच्या नजरेनं ती गावाची शेवटची मोकळी जागा.

पण मराठवाड्यात गायरानाला आणखी एक इतिहास आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन धरूच दिली नाही, त्या दलित कुटुंबांनी गायरान कसून पोट भरलं. 1964-65 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात पडीक जमिनी भूमिहीनांना द्या ही मागणी होती. राज्य सरकारनं 1991 मध्ये निर्णय काढून 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. कित्येकांचा सातबारा अजून झालेला नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. हा निकाल गावोगावी दाखवला जातो, पण तो पुरता वाचत नाहीत. सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल, असं त्याच निकालात आहे.

माझं मत विचाराल तर, दोन एकर कोरडवाहू कसून जगणारं कुटुंब आणि गायरानावर गोदाम बांधणारा धनदांडगा यांना एकाच नोटिशीत बसवणं हा अन्याय आहे. निसर्ग वाचवायचा भार कुणावर पडतो आणि फायदा कुणाला होतो, हे विचारणं म्हणजेच पर्यावरणीय न्याय. परीक्षेत ही संकल्पना आली तर परदेशातलं उदाहरण शोधत बसू नका, आपलं गायरान लिहा.

9. कोणती झाडं लावावीत? परदेशी झाड म्हणजे वाईटच का?

लिंब, वड, पिंपळ, उंबर, करंज, चिंच, बोर, हिवर, पळस, बाभूळ. ही इथल्या उन्हाला सरावलेली आणि पाखरांना खाऊपिऊ घालणारी झाडं आहेत.

परदेशी सगळं वाईट, असं मात्र नाही. बालाघाटातलं सीताफळ मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं. ते इथल्या डोंगरात रुळलं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा तिकडचीच. बाहेरून येऊन इथल्यांना हुसकावून पसरणारी जात असेल तर तिला ‘आक्रमक’ म्हणतात. वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजर गवत ही तशी. फरक गावातल्या पाहुण्यासारखा आहे, पाहुणा पंगतीत बसला तर कुणाची हरकत नसते, घरच्यांना उठवायला लागला तर असते.

10. लहानपणी ढोर टाकल्यावर गिधाडं यायची. ती गेली कुठं?

मेली. गुरांच्या सुजेवर आणि तापावर डायक्लोफिनॅक देत असत. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. गिधाडांच्या तीन जातींची संख्या देशात काही वर्षांतच 90 टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठीच्या या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध आहे, जनावराच्या डॉक्टरांकडं तेच मागा. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळं भरून यायला पिढ्या लागतात. मधल्या काळात हाडकीवरचं (मेलेली ढोरं टाकायच्या जागेवरचं) मांस मोकाट कुत्र्यांना मिळालं आणि ती वाढली. साखळीतला एक दुवा तुटला की काय होतं, ते इथं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

11. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रीत पीक झोपवतात. तुमचं निसर्गप्रेम आम्हाला कशाला शिकवता?

हा प्रश्न रागानं येतो आणि तो राग बरोबर आहे. थंडीत मचाणावर रात्र काढणाऱ्याला ‘प्राण्यांवर प्रेम करा’ सांगणं हे उपदेश करणाऱ्याला सोपं असतं.

1973 मध्ये आर्ने नेस या नॉर्वेजियन विचारवंतानं ‘सखोल पर्यावरणवाद’ मांडला. निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडं स्वतःचं मोल आहे, असं त्याचं म्हणणं. त्यावर इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी 1989 मध्ये आक्षेप घेतला, की श्रीमंत देशांतला हा विचार आपल्याकडं जसाच्या तसा आणला तर त्याची किंमत गरीब शेतकरी आणि आदिवासी मोजतात. मला दोन्ही पटतात. रोह्याला जगायचा हक्क आहे आणि नुकसानीचा सगळा बोजा एका कोरडवाहू शेतकऱ्यानं उचलावा हेही चूक आहे. म्हणून वन विभागाकडून पीकनुकसान भरपाई मिळणं हा हक्क समजा, उपकार नव्हे. पंचनाम्यासाठी त्याच दिवशी फोटो काढा आणि लेखी अर्ज द्या.

कुंपणात वीज मात्र सोडू नका. डुकरासाठी लावलेल्या तारेला घरचंच माणूस चिकटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

12. आपली संस्कृती तर निसर्गपूजकच आहे. मग हा विषय वेगळा शिकायची गरज काय?

वेळ अमावस्येला, आमच्या भाषेत येळवशीला, लातूर-धाराशिवची गावं ओस पडतात, सगळी शिवारात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, मडक्यात आंबील, आणि रानातल्या शेंगाभाज्यांची भज्जी. जेवणाआधी आंबील पिकावर शिंपडतात. माती आपल्याला खाऊ घालते तर आधी घास तिला, हे आईनं कधी शब्दांत सांगितलं नाही. तिच्या हातातल्या लिंबाच्या डहाळीवरून थेंब हरभऱ्यावर पडताना दिसायचे आणि ते कळायचं.

हे नातं खरं आहे. पण त्याच शिवारातला ओढा बुजवून आपण चार गुंठे वाढवतो आणि ज्या गोदेची आरती करतो तिच्यात गावांचं, शहरांचं सांडपाणी सोडतो. श्रद्धेला मोजमापाची जोड लागते, त्यासाठी हा विषय.

13. नाशिक-नगरनं जायकवाडीला पाणी सोडलंच पाहिजे ना?

हो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे, खोऱ्यातली तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. पण हाच न्याय पैठणच्या जायकवाडी धरणाखालीही लागतो. कालव्याच्या तोंडाशी ऊस आणि शेपटाला कोरडी चारी, हे आपल्याच जिल्ह्यांत चालतं. वरच्यांकडं मागायचा अधिकार खालच्यांना देताना सिद्ध होतो.

14. एकीकडं दुष्काळ म्हणता, मग सप्टेंबर 2025 चा महापूर कसा?

हवा एक अंश तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. त्यामुळं दोन पावसांतला खंड वाढतो आणि पडतो तेव्हा कोसळतो. एका घटनेचा दोष नुसत्या हवामान बदलावर टाकणं घाईचं होईल, पण कल तोच आहे. त्या पुरात धाराशिव, बीड, जालन्यात जमीन खरडून गेली, कारण पाण्याच्या वाटाही आपण बुजवल्या होत्या. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, पंचनाम्यात तिचा रकाना लहान असतो.

15. प्रकल्प कशावर करू? नेटवरून उतरवलेला चालेल का?

चालणार नाही. आपल्या गावातली एक जुनी विहीर निवड. सुतळीला दगड बांध, दर हातावर गाठ मार. महिन्याच्या एकाच तारखेला काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोज आणि वहीत लिही. शेजारी त्या महिन्याचा पाऊस लिही, तो मंडळ कार्यालयातून मिळतो. आसपास नवं बोअर झालं तर तारीख टाक. विहिरीचा मालक कोण आणि पाणी कोण भरतं, तेही लिही. जूनमध्ये सुरू केलंस तर दिवाळीपर्यंत आलेख काढण्याइतकं हाती येईल. काठावर एकटा जाऊ नको, कुणाला तरी सोबत ने.